ऑक्सिडेज पॉझिटिव्ह, इंडोल पॉझिटिव्ह, टीएसआय ए/ए : हा जिवाणू नेमका कोणता?

चंचुपात्र

नमस्कार मंडळी,

एम.एस्सी. सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रॅक्टिकलला आम्हाला प्रत्येकी एक 'अननोन' ओळखायला दिलाय. माझा तळ्याच्या पाण्यातून वेगळा केलेला आहे, बाकी काहीच माहिती नाही. आतापर्यंत हाती लागलेलं असं:

ग्रॅम निगेटिव्ह आखूड दांडके, सुटे किंवा जोडीने. हँगिंग ड्रॉपमध्ये सुसाट पळतात. मॅकाँकी अगरवर (लॅक्टोज फोडणारे तिथे गुलाबी दिसतात) बिनरंगी कॉलन्या. कॅटॅलेज पॉझिटिव्ह. टीएसआयमध्ये (तीन साखरा आणि लोह असलेली अगरची नळी) स्लँट म्हणजे वरचा तिरका भाग पिवळा, बट म्हणजे तळ पिवळा (दोन्हीकडे आम्ल, म्हणून ए/ए), बटला भेगा (म्हणजे वायू), काळं अजिबात नाही. इंडोल, मिथिल रेड (एमआर), व्होगेस-प्रोस्काउअर (व्हीपी) तिन्ही पॉझिटिव्ह. सिट्रेट ४८ तासांनी निळं.

घोडं अडलंय ऑक्सिडेजवर (सायटोक्रोम ऑक्सिडेज हे विकर आहे का, ते बघणारी चाचणी). टीएसआयच्या स्लँटवरून कॉलनी घेतली तर निगेटिव्ह, न्यूट्रिएंट अगरवरून घेतली तर लगेच जांभळं!

ए/ए, वायू आणि इंडोल बघून मी ई. कोलाय धरून चालले होते. पण मग व्हीपी आणि सिट्रेट कसं? ऑक्सिडेज खरं धरलं तर स्यूडोमोनास म्हणावा, पण तो साखर आंबवत नाही, मग टीएसआय पिवळं कसं करेल? बॅचमधली मैत्रीण म्हणते कल्चरच मिक्स आहे, फेकून दे. कुणी म्हणतं सरळ १६ एस (राइबोसोमच्या आरएनएचा जनुक वाचणं) करून टाक. काय करू?

अगर-मगर

आधी एक सांगा. या सगळ्या चाचण्यांसाठी कॉलनी कुठून उचलली होती? मॅकाँकीवरून थेट?

चंचुपात्र

हो. मॅकाँकीवरची एक छान सुटी कॉलनी ब्रॉथमध्ये टाकली आणि त्याच ब्रॉथवरून सगळं लावलं. न्यूट्रिएंट अगरची प्लेटही त्यातूनच.

अगर-मगर

मग पुढचं काहीही बोलण्याआधी तो ब्रॉथ बाजूला ठेवा.

मॅकाँकीतले पित्तक्षार आणि क्रिस्टल व्हायोलेट ग्रॅम पॉझिटिव्हांना वाढू देत नाहीत, पण त्यांना मारतातच असं नाही. सुट्या दिसणाऱ्या कॉलनीखाली किंवा तिच्या कडेला दुसरा जीव न वाढता, तसाच जिवंत पडून राहू शकतो. तुम्ही त्याला ब्रॉथमध्ये नेलं की तिथे त्याला कुणी अडवत नाही. सिलेक्टिव्ह माध्यमावरून थेट बायोकेमिकल लावायच्या नाहीत, ते यासाठी. मधे एकदा साध्या न्यूट्रिएंट अगरवर किंवा ब्लड अगरवर क्वाड्रंट स्ट्रीक करायचा (प्लेटच्या चार भागांत लूपने विरळ करत ओढायचं), सुटी कॉलनी घ्यायची, तीच पुन्हा स्ट्रीक करायची. दोन्ही प्लेटांवर एकाच रूपाच्या कॉलन्या आल्या आणि स्मिअरमध्येही एकच प्रकार दिसला की मग पुढे.

रात्रपाळी

मी रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत काम करतो. मला तर वाचताक्षणी मिक्स वाटलं. ई. कोलाय आणि स्यूडोमोनास एरुजिनोसा एकत्र असले तर काय दिसेल बघा: टीएसआय ई. कोलायमुळे ए/ए आणि वायू, इंडोल आणि एमआर त्याचंच. ऑक्सिडेज आणि सिट्रेट स्यूडोमोनासचं. स्लँटवर ई. कोलायचा जोर होता म्हणून ऑक्सिडेज निगेटिव्ह, न्यूट्रिएंट अगरवर स्यूडोमोनास वर आला म्हणून पॉझिटिव्ह. सगळं जुळतंय.

शेवाळ

+१. मिक्सच.

दांडू

@रात्रपाळी, सगळं नाही जुळत. दोन गोष्टी राहतात.

एक, ई. कोलाय असता तर मॅकाँकीवर गुलाबी कॉलन्या दिसल्याच असत्या. उशिरा लॅक्टोज फोडणारे ई. कोलाय असतात, पण मग टीएसआयचा स्लँट एका रात्रीत पिवळा व्हायला त्याने सुक्रोज तरी फोडायला हवं. असे योगायोग किती मानायचे? दुसरी गोष्ट व्हीपी. ई. कोलाय व्हीपी निगेटिव्ह, स्यूडोमोनासही निगेटिव्ह. दोन निगेटिव्ह एकत्र ठेवून पॉझिटिव्ह येणार नाही.

आता टीएसआयकडे नीट बघू, कारण खरी गंमत तिथे आहे. त्यात ग्लुकोज फक्त ०.१ टक्का, लॅक्टोज १ टक्का आणि सुक्रोज १ टक्का. नुसतं ग्लुकोज फोडणारा जिवाणू सुरुवातीला सगळी नळी पिवळी करतो, पण ते तुटपुंजं ग्लुकोज संपतं. मग तो वरच्या भागात पेप्टोन वापरायला लागतो, अमोनिया सुटतो आणि स्लँट पुन्हा लाल होतो. स्लँट पिवळाच राहिला तर त्याचा अर्थ 'लॅक्टोज किंवा सुक्रोज' असा आहे. पुष्कळ जण मधला 'किंवा' गिळतात आणि ए/ए दिसलं की लॅक्टोज पॉझिटिव्ह लिहून मोकळे होतात. चंचुपात्र यांच्या मॅकाँकीवर कॉलन्या बिनरंगी आहेत, म्हणजे लॅक्टोज नाही. उरलं सुक्रोज.

तर आपल्याकडे आहे: चपळ, आंबवणारा, सुक्रोज फोडणारा, वायू सोडणारा, इंडोल आणि ऑक्सिडेज पॉझिटिव्ह, पाण्यातून आलेला ग्रॅम निगेटिव्ह दांडका. माझं मत एरोमोनास. दोन जीव मानायची गरजच नाही.

तरी अगर-मगर यांचं म्हणणं खोडत नाहीये. माझं खरं की रात्रपाळींचं, ते शुद्ध कल्चरशिवाय ठरणार नाही.

रात्रपाळी

व्हीपी माझ्या नजरेतून सुटलं, मान्य. पण व्हीपी खरंच पॉझिटिव्ह आहे का? चंचुपात्र, अल्फा-नॅफ्थॉल आधी घातलं की केओएच? आणि किती वेळाने वाचलं? तासाभरानंतर तांबूस रंग आला असेल तर तो धरायचा नसतो.

चंचुपात्र

आधी अल्फा-नॅफ्थॉल, मग केओएच, नळी हलवत ठेवली. पंधरा-वीस मिनिटांत स्पष्ट गुलाबी लाल झालं.

पण एमआर आणि व्हीपी दोन्ही पॉझिटिव्ह चालतं का? आम्हाला शिकवलं होतं की एक असलं की दुसरं नसतं.

दांडू

ई. कोलाय आणि क्लेब्सिएला शेजारी ठेवून शिकवतात, म्हणून तसं वाटतं. एमआर सांगतो की पीएच साधारण ४.४ किंवा त्याखाली उतरून तिथेच टिकला. व्हीपी सांगतो की ॲसिटोइन तयार झालं. हे दोन वेगळे प्रश्न आहेत, दोन्हींचं उत्तर 'हो' येऊ शकतं.

ऑक्सिडेजच्या कोड्याचं उत्तरही तुमच्याच निरीक्षणात आहे. ही चाचणी साखर असलेल्या माध्यमावरच्या कॉलनीवर करायचीच नाही. आम्ल साचलं की सायटोक्रोम ऑक्सिडेजची प्रतिक्रिया दबते आणि खोटं निगेटिव्ह येतं. तुमच्या टीएसआयचा स्लँट पिवळाधमक होता, तिथे हेच झालं असणार. मॅकाँकी आणि टीसीबीएस (व्हिब्रिओसाठीचं सुक्रोज असलेलं माध्यम) याच कारणासाठी बाद. न्यूट्रिएंट अगर किंवा ब्लड अगरवरची ताजी कॉलनी घ्या, नायक्रोमचा लूप वापरू नका (त्यातल्या लोहाने खोटं पॉझिटिव्ह येतं, प्लॅटिनम किंवा लाकडी काडी चालते) आणि दहा सेकंदांत जांभळं झालं तरच पॉझिटिव्ह. मिनिटाने होणारा निळसर रंग विसरायचा.

नवखा

थोडं अवांतर. माझ्या ग्रॅम स्टेनमध्ये दरवेळी जांभळे आणि गुलाबी दांडके एकाच फील्डमध्ये दिसतात. दरवेळी मिक्स कल्चर समजायचं का? असं असेल तर ग्रॅम स्टेनवर विश्वास ठेवायचा तरी कसा?

अगर-मगर

अवांतर मुळीच नाही. सगळी ओळख ग्रॅमवर उभी असते. तो चुकला की पुढची प्रत्येक चाचणी चुकीच्या गटासाठी लावली जाते.

दोन रंग दिसले की आधी आकार बघा. जांभळे आणि गुलाबी एकाच लांबीरुंदीचे असतील तर बहुधा जीव एकच आहे आणि स्टेन बिघडलाय. जांभळे गोल आणि गुलाबी दांडके असतील तर कल्चर मिक्स.

स्टेन बिघडायचं नेहमीचं कारण म्हणजे कल्चरचं वय. बॅसिलससारख्यांची भिंत जुन्या कल्चरमध्ये कमकुवत होते, क्रिस्टल व्हायोलेट-आयोडिनचा संयुग धरून ठेवता येत नाही आणि ते गुलाबी दिसायला लागतात. १८ ते २४ तासांचंच कल्चर घ्या. दुसरं कारण म्हणजे स्मिअरची जाडी. आपल्याला वाटतं भरपूर घेतलं की नीट दिसेल, होतं उलटं: जाड भागातला रंग धुतलाच जात नाही. तिसरं डीकलरायझर. ॲसिटोन-अल्कोहोल असेल तर काही सेकंदांत काम होतं. घड्याळ बघत बसण्यापेक्षा स्लाइडवरून ओघळणारा थेंब रंगहीन झाला की लगेच पाणी.

त्याच स्लाइडच्या एका टोकाला माहितीतला स्टॅफिलोकोकस आणि दुसऱ्या टोकाला माहितीतला ई. कोलाय लावा. दोन्ही बरोबर रंगले तरच मधल्या अननोनचा रंग लिहायचा.

तरी शंका राहिली तर ३ टक्के केओएच. स्लाइडवर एक थेंब, त्यात कॉलनी कालवायची आणि लूप हळूच वर उचलायचा. ग्रॅम निगेटिव्हची भिंत फुटून डीएनए बाहेर येतो आणि तार निघते. ग्रॅम पॉझिटिव्हची निघत नाही.

जाता जाता: हान्स क्रिस्टियान ग्रॅम यांनी १८८४ मध्ये ही पद्धत बर्लिनमध्ये फुप्फुसाच्या ऊतींमधले जिवाणू दिसावेत म्हणून काढली होती. गट पाडणं हा हेतूच नव्हता. सॅफ्रनिनचा उलट रंग नंतर दुसऱ्यांनी जोडला.

चंचुपात्र

एरोमोनास धरलं तर व्हिब्रिओपासून वेगळा कसा करायचा? तोही ऑक्सिडेज आणि इंडोल पॉझिटिव्ह, तोही पाण्यातला. आणि तो व्हिब्रिओ कॉलरी निघाला तर? आता जरा भीतीच वाटायला लागलीय.

दांडू

भीती नको, पण शिस्त हवी. अननोन म्हणजे त्याचा धोकाही अननोन. हातमोजे घाला, तोंडाने पिपेट ओढू नका, काम संपल्यावर सगळं ऑटोक्लेव्ह करा. आणि प्लेट उघडून वास घेणं बंद. स्यूडोमोनासचा द्राक्षासारखा वास येतो हे मलाही माहीत आहे, पण प्लेटवर ब्रुसेला असेल तर तो वास फार महागात पडतो. प्रयोगशाळेत काम करताना होणाऱ्या संसर्गांत ब्रुसेला कायम वरच्या यादीत असतो.

आता व्हिब्रिओ. तुमच्या बटला भेगा आहेत ना? मग कॉलरी जवळपास बाद झाला, तो ग्लुकोजपासून वायू सोडत नाही. वायू सोडणारा व्हिब्रिओ म्हणजे फर्निसी, पण तो मीठ मागतो. म्हणून दोन नळ्या लावा: मीठ न घातलेला पेप्टोन ब्रॉथ आणि ६ टक्के मिठाचा. एरोमोनास पहिल्यात वाढेल, दुसऱ्यात नाही. खाऱ्या पाण्याचे व्हिब्रिओ उलट वागतील. कॉलरी मात्र मिठाशिवायही वाढतो, त्यामुळे फक्त या चाचणीवर त्याला बाद करायचं नाही. वायूच्या जोडीनेच ती वाचायची.

सोबत ओ/१२९ (व्हिब्रिओंना दाबणारं रसायन) च्या चकत्या, १० आणि १५० मायक्रोग्रॅमच्या. व्हिब्रिओ साधारणपणे तिला दबतात, एरोमोनास भीक घालत नाही. पण कॉलरीचे काही स्ट्रेन्स, विशेषतः ओ१३९ या सेरोग्रुपचे, ओ/१२९ ला दाद देत नाहीत. तेव्हा चकतीभोवती झोन दिसला नाही म्हणून लगेच एरोमोनास लिहू नका. शिवाय स्ट्रिंग टेस्ट: ०.५ टक्के सोडियम डीऑक्सिकोलेटमध्ये कॉलनी कालवली की व्हिब्रिओची तार निघते, एरोमोनासची सहसा नाही.

तिसराडोळा

प्लेसिओमोनास राहिला. तोही ऑक्सिडेज आणि इंडोल पॉझिटिव्ह.

दांडू

बरोबर. पण तो सुक्रोज फोडत नाही, वायू सोडत नाही आणि डीएनेज (डीएनए फोडणारं विकर) निगेटिव्ह असतो. त्याची खूण म्हणजे इनॉसिटॉल पॉझिटिव्ह. चंचुपात्र, डीएनेज अगर असेल तर लावून टाका, एका प्लेटचं काम आहे.

नवखा

एपीआय पट्टी (तयार चाचण्यांचं किट) लावली तर? वीस कप्पे, सात आकडी कोड, उत्तर हजर.

रात्रपाळी

पट्टी चांगली आहे, मी वर्षानुवर्षे वापरलीय. पण ती उत्तर देत नाही, आपल्या यादीतला सर्वात जवळचा भिडू सांगते. यादी मुख्यतः रुग्णांच्या नमुन्यांवरून बनलेली. तळ्यातला जीव त्या यादीत नसेल तरी पट्टी कुणाचं तरी नाव घेणारच. एरोमोनास आणि व्हिब्रिओ यांच्यात तर अशा तयार किटांची गल्लत होतेच होते. त्यामुळे पट्टीचं नाव आणि वरच्या मिठाच्या नळ्या यांचं भांडण झालं तर मी नळ्यांचं ऐकेन. आणि पट्टीतही एडीएच, एलडीसी, ओडीसी, एच२एस, युरिएज या कप्प्यांवर तेल घालायला विसरलात तर कोड तिथेच बदलतो.

जनुककोश

उशिरा आलो. १६ एसचा विषय निघालाय म्हणून लिहितो.

कार्ल वोझ आणि जॉर्ज फॉक्स यांनी १९७७ मध्ये राइबोसोमच्या आरएनएची तुलना करून आर्किया हा वेगळाच गट दाखवला. जिवाणूंच्या ओळखीत १६ एसला आज जो मान आहे त्याची मुळं तिथे आहेत. साधारण १५०० बेसचा जनुक, सगळ्या जिवाणूंत हमखास असतो, काही भाग जवळपास सारखे, मधले नऊ भाग बदलते. सारख्या भागांवर २७ एफ आणि १४९२ आर हे प्रायमर बसवायचे, पीसीआर करायचं, सँगर पद्धतीने सीक्वेन्स वाचायचा, ब्लास्टला (डेटाबेसमधल्या सीक्वेन्सशी जुळवणारा शोध) द्यायचा.

लोक फसतात ते यापुढे. ब्लास्टच्या यादीत सर्वात वर आलेलं नाव म्हणजे आपला जीव असं समजतात. त्या डेटाबेसमध्ये कुणीही सीक्वेन्स टाकू शकतो आणि सोबतचं नाव टाकणाऱ्याने दिलेलं असतं. तुलना टाइप स्ट्रेनशी (प्रजातीचा अधिकृत नमुना) करा. दोन्ही बाजूंनी वाचून जवळपास पूर्ण जनुक जोडा, कारण सँगरचं एक वाचन सातशे-नऊशे बेसच्या पुढे विश्वासाचं राहत नाही आणि सुरुवातीचे तीसेक बेसही कापावे लागतात. ९८.७ टक्क्यांच्या खाली जुळणी असेल तर वेगळी प्रजाती असण्याची शक्यता दाट. पण उलटं खरं नाही: ९९.९ टक्के जुळलं म्हणून प्रजाती तीच असं होत नाही. ई. कोलाय आणि शिगेला १६ एसने वेगळे होत नाहीत. बॅसिलस सेरियस, थुरिंजिएन्सिस आणि ॲन्थ्रॅसिस यांचंही तेच. आणि चंचुपात्र, तुमच्या दुर्दैवाने एरोमोनासच्या प्रजातीही याच पंक्तीतल्या. तिथे प्रजातीसाठी जायरबी किंवा आरपीओडी हे जनुक वाचतात.

आणखी एक. कल्चर मिक्स असेल तर १६ एस काही वाचवत नाही. सँगरच्या आलेखात एकावर एक शिखरं येतात आणि वाचन मातीमोल होतं. अर्थात एकाच जीवात या जनुकाच्या अनेक प्रती असतात, ई. कोलायमध्ये सात, आणि त्यांच्यात किरकोळ फरक असला तरी एखाद्या ठिकाणी दुहेरी शिखर दिसतं. ते वेगळं. आलेखभर दुहेरी शिखरं दिसली की पुन्हा स्ट्रीक करायला बसा.

शेवाळ

म्हणजे फिरून पुन्हा लूप आणि प्लेटच. :)

रात्रपाळी

आमच्याकडे आता माल्डी-टॉफ आलंय. कॉलनी प्लेटवर फासायची, वर मॅट्रिक्सचा थेंब, लेसर, काही मिनिटांत नाव. २ ते २० किलोडाल्टनमधली प्रथिनं मोजतं, त्यात बहुतेक राइबोसोमचीच. प्रचलित एका प्रणालीत गुण २.० किंवा जास्त आले तर प्रजाती मानतात, १.७ ते २.० मध्ये फक्त प्रवर्ग. पण शिगेलाला ते ई. कोलाय म्हणतं, न्यूमोकोकस आणि मायटिस गटात घोळ घालतं. अशा वेळी माझे सहकारी अजूनही ऑप्टोचिनची (न्यूमोकोकसला दाबणारी) चकती शोधतात.

चंचुपात्र

अपडेट देते.

न्यूट्रिएंट अगरवर पुन्हापुन्हा स्ट्रीक केलं. एकाच तऱ्हेच्या कॉलन्या, स्मिअरमध्येही एकच प्रकार. अगर-मगर यांच्या सांगण्यावरून स्लाइडच्या दोन्ही टोकांना कंट्रोल लावले, ते बरोबर रंगले. ऑक्सिडेज शुद्ध कल्चरवरून लगेच जांभळं. स्यूडोमोनासचा कंट्रोल पॉझिटिव्ह, ई. कोलायचा निगेटिव्ह. टीएसआय पुन्हा तसंच, व्हीपी पुन्हा पॉझिटिव्ह. ब्लड अगरवर कॉलनीभोवती स्वच्छ बीटा हिमोलिसिस (रक्तपेशी पूर्ण फुटल्याची खूण). डीएनेज पॉझिटिव्ह. मिठाशिवाय छान वाढ, ६ टक्क्यांत काहीच नाही. ओ/१२९ च्या दोन्ही चकत्यांना टेकून वाढ. स्ट्रिंग निगेटिव्ह.

एक बदललं ते सिट्रेट. या वेळी नीडलने अगदी हलकं इनॉक्युलेशन केलं तर ४८ तासांनीही हिरवंच.

अगर-मगर

सिट्रेटचं स्पष्टीकरण सोपं आहे. पहिल्यांदा ब्रॉथवरून लावलं होतंत, म्हणजे पेप्टोनही सोबत गेलं. सिमन्समध्ये कार्बन फक्त सिट्रेटचा असायला हवा, तुम्ही डबा भरून दिलात. हलक्या हाताने लावलेलं धरा. तसंही एरोमोनासमध्ये सिट्रेट स्ट्रेनगणिक बदलतं, निकाल त्यावर अडत नाही.

रात्रपाळी

माझं मिक्स बाद. एरोमोनास.

चंचुपात्र

प्रजातीपर्यंत जाता येईल का? सरांना पूर्ण नाव हवंय.

दांडू

एस्क्युलिन लावा. पाण्यात नेहमी भेटणारे तीन धरले तर: कॅव्हिए वायू सोडत नाही आणि व्हीपी निगेटिव्ह, तो गेला. उरले हायड्रोफिला आणि व्हेरोनायचा सोब्रिया बायोव्हार. दोघंही वायू सोडतात, दोघंही व्हीपी पॉझिटिव्ह. एस्क्युलिन काळं पडलं तर हायड्रोफिलाकडे, नाही पडलं तर सोब्रियाकडे.

चंचुपात्र

एस्क्युलिन काळंकुट्ट!

जनुककोश

तरी अहवालात 'एरोमोनास हायड्रोफिला कॉम्प्लेक्स' लिहा. या प्रवर्गात प्रजाती खूप झाल्यात, आणि हायड्रोफिलाचे जवळचे नातलग एवढ्या चाचण्यांनी सुटे होत नाहीत. सरांनी नुसतं हायड्रोफिला का नाही लिहिलं असं विचारलं तर जायरबी वाचलेला नाही म्हणून सांगा.

अगर-मगर

आणि तक्त्यात प्रत्येक चाचणीसमोर तीन रकाने ठेवा: कॉलनी कोणत्या माध्यमावरून घेतली, किती तासांची होती, कंट्रोल काय आले. टीएसआयवरचं निगेटिव्ह ऑक्सिडेज खोडू नका, ते माध्यमाच्या नावासकट तसंच राहू द्या. परीक्षक तिथेच प्रश्न विचारतील आणि उत्तर तुमच्याकडे तयार आहे. शुद्ध कल्चरचा १५-२० टक्के ग्लिसरॉलमध्ये स्टॉक करून उणे ८० ला ठेवलात का?

चंचुपात्र

नाही, स्लँट फ्रिजमध्ये आहे. उद्या सकाळी आधी तेच करते.